वीररसाचा विप्रलंभ

आमचे एक जुने विद्यार्थी नोकरीच्या निमित्तानें गेलीं कित्येक वर्षें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत राहत आहेत. इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. झाल्यावर त्यांनीं पोटासाठीं दुसराच मार्ग धरला. परंतु वाचनाची खोड गेली नाहीं आणि आम्हांस लांबलचक पत्रें लिहिण्याचीहि गेली नाहीं. गेल्या पावसाळ्यांत त्यांचें जें पत्र आलें त्यांत एका शनिवारची हकीकत होती. ती वाचून आमच्या मनांत साहित्यशास्त्रांतील एक शंका उभी राहिली. ती शंका समजण्यासाठीं प्रथम ती हकीकतच वाचकांपुढें ठेवणें बरें.

या गृहस्थांचा एक शेजारी आहे. वय चाळिशीच्या पुढें. लांकडी सामानाच्या कारखान्यांत नोकरी. घरीं बायको व दोन मुलें. त्याला नाद एकच. शनिवारीं संध्याकाळीं जवळच्या गांवीं लंबवर्तुळाकार धांवपट्टीवर ‘स्टॉक कार’च्या शर्यती होतात, त्यांत तो आपली मोटार घेऊन उतरतो. स्टॉक कार म्हणजे मूळ अर्थानें कारखान्यांतून गिऱ्हाइकासाठीं बाहेर पडते तशीच साधी मोटार. शर्यतीसाठीं मुद्दाम जन्मास घातलेलें वाहन नव्हे. आज वरच्या दर्जाच्या शर्यतींत हें नांव नांवापुरतेंच उरलें आहे. परंतु गांवोगांवच्या लहान शर्यतींत जुन्या घरगुती मोटारींचीं आसनें उपटून, आंत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडून त्या अजूनहि पळविल्या जातात. त्याच संस्थानांत विन्स्टन-सेलम शहरीं बोमन ग्रे स्टेडियम नांवाचें फुटबॉलचें क्रीडांगण आहे. त्याच्या कडेनें पाव मैलाच्या फेरींत १९४९ सालापासून उन्हाळ्यांतील शनिवारीं अशा शर्यती होत आल्या आहेत. तेथें उतरणारे बहुतेक लोक आठवडाभर दुसरें कांहीं काम करणारे असतात.

हा शेजारीहि त्यांतलाच. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज रात्रीं जेवण आटोपलें कीं तो मोटारीखालीं शिरावयाचा. गेले दोन महिने मोटार त्याला दाद देत नव्हती. तिसऱ्या वळणावर तिचें मागचें अंग बाहेर फेंकलें जाई, आणि तें सांवरण्यांत पुढचे दोघे निसटून जात. त्या शनिवारीं आमच्या विद्यार्थ्यालाहि त्यानें बरोबर घेतलें. दुपारीं मोटार गाड्यावर चढवून निघाले. मैदानावर वजन झालें, उंची मोजली, इंजिनाची तपासणी झाली. सरावाच्या फेऱ्यांत वळणाचा तोच त्रास. त्यानें मागच्या चाकांतील हवा थोडी कमी-जास्त केली, एक स्प्रिंग बदलली. बायकोनें घरून आणलेलें खाणें तसेंच राहिलें. मुख्य शर्यत तीस फेऱ्यांची. याचा क्रमांक सुरुवातीस अकरावा. आणि मग, दोन महिन्यांत प्रथमच, मोटार तिसऱ्या वळणावर रुळावरून जावी तशी गेली. दुसऱ्या फेरींतहि गेली. नवव्या फेरीअखेर तो सहावा होता. इतक्यांत पुढच्या दोन मोटारी एकमेकींस लागून फिरल्या, पिंवळें निशाण निघालें, व सर्व मोटारी मंद गतीनें एकामागें एक चालूं लागल्या. त्या मंद फेरींतच त्याच्या मोटारींतून वाफ निघूं लागली. इंजिनाला थंड पाणी पुरविणारी जी रबरी नळी असते, तिला आवळून धरणारी लोखंडी पट्टी सैल झाली होती. शर्यत त्याच्यापुरती संपली. उरलेल्या फेऱ्या त्यानें कुंपणाशीं उभ्यानें पाहिल्या. ज्या मोटारीच्या मागोमाग तो चालला होता ती दुसरी आली.

त्याची बायको दर शनिवारीं हातांत घड्याळ घेऊन एका वहींत प्रत्येक फेरीचा वेळ टिपीत असते. त्या दिवशींच्या पानावर नऊ आकडे होते, आणि त्यांतले शेवटचे चार त्या वर्षांतले सर्वांत चांगले होते. खालीं पान कोरें. परत येतांना वाटेंत तो एकच वाक्य बोलला. नळीबद्दल नाहीं, दैवाबद्दलहि नाहीं. “तिसरें वळण आज जमत होतें,” एवढेंच. पत्राच्या शेवटीं आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें होतें : “सर, त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. याला जुळेल असें कांहीं वाचल्याचें आठवूं लागलों, तें आठवेना. तुम्हांस आठवतें का?”

आम्हीं आठवून पाहिलें. शर्यतीवरील वाङ्मय कांहीं थोडेंथोडकें नाहीं, व या विशिष्ट खेळावरहि अमेरिकेंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत सर्वांत नांवाजलेला लेख टॉम वुल्फ यांचा. १९६५ सालच्या मार्च महिन्यांत ‘एस्क्वायर’ मासिकांत तो प्रसिद्ध झाला, आणि ‘शेवटचा अमेरिकन वीर’ अशा अर्थाचा मथळा देऊन त्यांनीं ज्यूनियर जॉन्सन या शर्यतवाल्याचें चरित्र गाइलें. ‘गाइलें’ हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. रविवारची सकाळ, डोंगराळ मुलूख, आणि नाना रंगांच्या मोटारींची मैलोगणती रांग, अशी त्याची सुरुवात वाचतांना सैन्यप्रस्थानाचें वर्णन वाचल्याचा भास होतो. जॉन्सन हा चोरट्या दारूच्या धंद्यांतील बापाचा मुलगा. रात्रीं दारूनें भरलेली मोटार डोंगरांतून पळवितां पळवितां तो तरबेज झाला. पोलिसांची नाकेबंदी त्यानें पोलिसांच्याच दिव्याची व भोंग्याची नक्कल करून फोडली, ही आख्यायिका वुल्फ यांनीं अशा झोंकांत सांगितली आहे कीं कायद्याचा अभिमानी वाचकहि क्षणभर चोराच्या बाजूचा होतो. हा लेख उत्तम आहे याविषयीं आम्हांस संशय नाहीं. एका उपेक्षित मुलुखाच्या अभिमानाला त्यानें भाषा दिली. परंतु त्याचा मथळाच सांगतो कीं लेखकाला वीर हवा होता. खुद्द जॉन्सनचा लौकिकहि असा होता कीं एक तर जिंकावयाचें, नाहीं तर मोटार मोडेपर्यंत हांकावयाची. अशा माणसाची मोटार मोडली तरी तो त्याच्या शौर्याचाच पुरावा ठरतो. आमच्या शेजाऱ्याची मोटार मोडली ती पिंवळ्या निशाणाखालीं, मंद गतीनें चालत असतां!

कोणी म्हणेल, मग पराजयाचें वाङ्मय पाहा. तेंहि पाहूं. ॲलन सिलिटो यांची लांब पल्ल्याच्या धांवपटूवरील कथा (१९५९) आमच्या वर्गांत आम्हीं अनेकदां शिकविली आहे. सुधारगृहांतला तो मुलगा शर्यत जिंकण्याच्या बेतांत असतां अंतिम रेषेअलीकडे थांबतो, कारण त्याला आपल्या अधिकाऱ्यांस तो विजय द्यावयाचा नसतो. आमच्या घरच्या लहान मुलांनीं पारायणें केलेला ‘कार्स’ हा २००६ सालचा चित्रपटहि असाच. त्यांतील तरुण मोटार रेषेच्या तोंडाशीं थांबते, अपघातांत मोडलेल्या वृद्ध प्रतिस्पर्ध्याकडे मागें वळते, आणि त्याला ढकलीत रेषेपार नेते. आपल्या शास्त्रकारांनीं युद्धवीराबरोबर दानवीर, दयावीर, धर्मवीर असे भेद केले आहेत. तेव्हां ही लाल मोटार दयावीर झाली व सिलिटोचा मुलगा उलट्या अंगानें धर्मवीर झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु दोघांनींहि पराजय निवडला आहे. निवडलेला पराजय हा विजयाचाच एक प्रकार होय. प्रेक्षकांच्या टाळ्या त्यालाच अधिक मिळतात. आमच्या शेजाऱ्यानें कांहींच निवडलें नव्हतें.

मग न निवडलेलें अपयश वाङ्मयांत कोठें येतें? येतें, पण त्याला मोठें कारण द्यावें लागतें. वाहन ऐन वेळीं अडल्याचें सर्वांत थोर उदाहरण आपल्याच महाभारतांत आहे. कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें. परंतु त्या चाकामागें ब्राह्मणाचा शाप आहे, विस्मृत झालेल्या अस्त्रामागें गुरूचा शाप आहे, आणि या शापांमागें कर्णाचा सारा जन्म आहे. तें चाक चिखलामुळें रुतलें असें व्यासांनीं म्हटलें असतें तर कर्णपर्वाचें काय झालें असतें? ॲरिस्टॉटलनेंहि शोकांत नाटकाच्या नायकाचा नाश त्याच्याच हातून घडलेल्या एखाद्या प्रमादांतून व्हावा असें सांगितलें. पूर्वेचे असोत वा पश्चिमेचे, दोन्हीकडच्या पंडितांस पराजय अर्थपूर्ण लागतो. रबरी नळीवरील पट्टीला अर्थ नाहीं. ती सैल होती, एवढेंच. गुरुवारीं रात्रीं ती त्यानेंच आवळली होती कीं आवळावयाची राहिली होती, हेंहि त्याला आठवेना.

या खेळाचा इतिहास पाहिला तर त्याचा आरंभच अशा एका दिवसानें झालेला दिसतो. नॅसकार ही संस्था १९४८ सालीं स्थापन झाली, आणि ज्या शर्यतमालेचें पुढें एवढें प्रस्थ माजलें तिची पहिली शर्यत १९४९ सालच्या १९ जूनला शार्लट येथें झाली. ग्लेन डनवे नांवाचा इसम त्या दिवशीं मैदानावर आला तो मोटारीवांचून. ऐन वेळीं दुसऱ्या एकाची १९४७ सालची फोर्ड त्याला हांकावयास मिळाली, आणि तो पहिला आला! शर्यतीनंतर तपासणी झाली. मोटारीच्या मागच्या स्प्रिंगा नियमाबाहेर बदललेल्या आढळल्या. चोरट्या दारूची वाहतूक करणारे तशाच बदलीत असत. डनवे बाद ठरला, आणि कॅन्सासहून आलेला जिम रोपर विजयी म्हणून इतिहासांत गेला. मोटारीच्या मालकानें दावा लाविला, तोहि बुडाला. या प्रसंगाचा उल्लेख खेळाच्या प्रत्येक इतिहासांत सांपडतो. परंतु तो नियमांच्या कडकपणाचा दाखला म्हणून. दुसऱ्याच्या मोटारींत बसून, दुसऱ्यानें लाविलेल्या स्प्रिंगांवर जिंकून, कांहीं तासांत हरलेला तो माणूस त्या रात्रीं घरीं कसा गेला, हें आम्हांस कोठें वाचावयास मिळालें नाहीं.

त्याहून अवघड प्रसंग वेंडेल स्कॉट यांचा. व्हर्जिनियांतील डॅनव्हिल गांवचे हे कृष्णवर्णी गृहस्थ आपली मोटार आपणच दुरुस्त करीत, मुलांस मदतीस घेत, व गोऱ्यांच्या या खेळांत जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या वाहनावर धांवत. १९६३ सालच्या १ डिसेंबरला फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिल येथें अर्ध्या मैलाच्या मातीच्या पट्टीवर शंभर मैलांची शर्यत झाली. ती स्कॉट यांनीं जिंकली. दोन फेऱ्यांच्या अंतरानें जिंकली. परंतु विजयी म्हणून बक बेकर याचें नांव पुकारलें गेलें व चषकहि त्यालाच मिळाला. स्कॉट यांनीं तक्रार केली. कित्येक तासांनीं फेऱ्यांची फेरमोजणी होऊन त्यांचा विजय मान्य झाला तेव्हां मैदान रिकामें होतें. हिशेबांतील चूक असें सांगण्यांत आलें. खरें कारण त्यांचा वर्ण होता, असें त्यांनीं व त्यांच्या कुटुंबानें नेहमीं मानलें, आणि त्या काळच्या दक्षिणेचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास तसें मानण्यांत कांहीं वावगें वाटणार नाहीं. ते १९९० सालीं वारले. नॅसकारनें त्यांच्या कुटुंबाच्या हातीं त्या विजयाचा चषक दिला तो २०२१ सालीं.

या स्कॉट यांच्यावर १९७७ सालीं ‘ग्रीज्ड लाइटनिंग’ हा चित्रपट निघाला. मायकेल शुल्झ दिग्दर्शक. रिचर्ड प्रायर या विनोदी नटानें मुख्य भूमिका केली, आणि ती संयमानें केली हें सांगितलेंच पाहिजे. परंतु चित्रपट संपतो तो विजयाच्या जल्लोषांत. ज्या माणसाला वरच्या दर्जाच्या स्पर्धेंत आयुष्यांत एकच विजय मिळाला, आणि तोहि ओसाड मैदानावर, रात्रीं, एकाहि टाळीवांचून, त्याच्या कथेला चित्रपटवाल्यांनीं टाळ्यांचा शेवट जोडला. त्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांना त्या माणसाला न्याय द्यावयाचा असेल. पण प्रेक्षकाला घरीं जातांना हलकें वाटावें म्हणून दिलेला न्याय हा त्या रिकाम्या मैदानावर केलेला दुसरा अन्याय नव्हे काय? तें मैदान, ते निघून गेलेले लोक, आणि विजयपत्र घेऊन उभा असलेला, ज्याला तें कोणास दाखवावें कळत नाहीं असा माणूस, हें सारें कलावंताच्या हातीं आयतें आलें असतांना त्यानें तें टाकून दिलें.

आतां आमच्या शंकेकडे वळतों. अशा दिवसाचा रस कोणता?

भरतानें तेहतीस व्यभिचारी भावांत विषाद सांगितला आहे, आणि त्याचें कारण म्हणून आरंभिलेलें कार्य तडीस न जाणें व दैवाचा घाला, हींच नेमकीं दिलीं आहेत. म्हणजे आमच्या शेजाऱ्याचा शनिवार मुनींना ठाऊक होता! पण विषादाला त्यांनीं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पंक्तींत बसविलें. स्थायी भावाचा मान दिला नाहीं. हें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें, कारण त्या मनुष्याचा विषाद स्थायी नाहींच. स्थायी आहे तो उत्साह. सोमवारीं रात्रीं तो पुन्हां मोटारीखालीं असतो. तेव्हां रस वीर असावा. पण वीररसाला लागणारी सिद्धि तर येथें नाहीं. मग हा करुण म्हणावा काय? या खेळांत मृत्यु येतो तेव्हां करुणाचें राज्य असतें, आणि त्याचीं गीतें व चित्रपट पुष्कळ आहेत. येथें मात्र कोणी मेलें नाहीं.

शृंगाराच्या बाबतींत शास्त्रकार अधिक उदार झाले. मीलन झालें तरच रति, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. विरहांतहि रति असते, किंबहुना अधिक असते, म्हणून संभोग व विप्रलंभ असे दोन भेद त्यांनीं मानले. करुण व विप्रलंभ यांत गल्लत होऊं नये म्हणून भरतानें जी खूण सांगितली तीहि मार्मिक आहे : करुण निरपेक्ष असतो, त्यांत पुनर्भेटीची आशा उरलेली नसते; विप्रलंभ सापेक्ष असतो. आमचें म्हणणें असें कीं ही सवलत एकट्या शृंगारालाच कां? उत्साहालाहि विरह असतो. ज्याचा उत्साह जिवंत आहे, ज्याची सिद्धि नवव्या फेरीपर्यंत जवळ येऊन दूर गेली, आणि ज्याला पुढचा शनिवार आहे, त्याचा रस वीरच. पण तो वीररसाचा विप्रलंभ.

आमच्या महाविद्यालयांतील संस्कृतच्या सहकाऱ्यांस हें मान्य नाहीं. त्यांच्या मतें विप्रलंभाला आलंबन लागतें, आणि ‘पाव मैलाच्या मातीवरचा सहावा क्रमांक’ हें आलंबन हास्यरसाचें आहे. (ती पट्टी मातीची नसून डांबरी होती, हें आम्हीं त्यांस सांगितलें, त्यानें वाद मिटला नाहीं.) त्यांचा आक्षेप मात्र पोकळ नाहीं. हेमिंग्वे यांच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा (१९५२) अशाच रित्या हातांची कथा आहे, पण त्याचा मासा होडीहून लांब आहे. माशाच्या लांबीनें पराजयाला उंची येते. आमच्या माणसाचा मासा बोटाएवढा. लिओनर्ड गार्डनर यांनीं १९६९ सालीं ‘फॅट सिटी’ या कादंबरींत स्टॉक्टन गांवच्या क्षुद्र मुष्टियोद्ध्यांचें चित्र काढलें, तें आम्हांस वाटेंतील सर्वांत जवळचें ठाणें वाटतें. तेथें बक्षिसेंहि लहान व माणसेंहि लहान. पण गार्डनर यांचीं माणसें संपत चाललेलीं आहेत. त्यांना पुढचा शनिवार आहे असें वाटत नाहीं, म्हणून तो करुणच.

लहान आलंबनाबद्दल आमचें उत्तर असें : प्रेयसी इतरांच्या दृष्टीनें सामान्य असली तर विरह खोटा ठरतो काय? आपण मराठींत ‘हौशी’ हा शब्द किंचित् नाक मुरडून वापरतों. हौशी नट म्हणजे ज्याचें पाठांतर कच्चें तो! इंग्रजांचा त्यासाठीं जो शब्द आहे तो लॅटिनांतील ‘प्रेम करणें’ या धातूपासून निघाला आहे. धंदेवाइकाला त्या शनिवारचें वेतन मिळतें. हौशी माणसाचें घरांतलें जातें. मुलांच्या बुटांचे पैसे टायरांत जातात, आणि ती बाई कांहीं न बोलतां घड्याळ हातांत धरते. तिच्याविषयीं तर कोणीच लिहिलें नाहीं. नऊ आकडे व खालीं कोरें पान हें आम्ही गेल्या कित्येक वर्षांत वाचलेल्या कथांतून अधिक कांहीं सांगतें, आणि तें लिहिणारीला आपण कांहीं लिहिलें आहे याची जाणीवहि नसावी.

हें सर्व आम्हीं विद्यार्थ्यास सविस्तर कळविलें. त्यांचें उत्तर आलें त्यांत रसचर्चेबद्दल एकहि अक्षर नव्हतें. शेजाऱ्यानें नवी पट्टी बसविली, शेजारी एक जास्तीचीहि बसविली. पुढच्या शनिवारीं सर्वजण निघाले, वजन झालें, तपासणी झाली, आणि सरावाच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वीं पाऊस आला. रात्रीं नऊपर्यंत वाट पाहून शर्यत रद्द केली. वहींत तारीख घातलेली आहे, आणि पुढें एकच शब्द : पाऊस.